न झालेल्या प्रवासाची नोंद कोण घेणार?

नवा उड्डाणपूल, नवा सागरी मार्ग, नवी मेट्रो जाहीर झाली की सरकारचे उत्तर ठरलेले असते : मागणी आहे म्हणून बांधतो. ही मागणी कुणाची? ती मोजली कुणी आणि कशी? आपल्या चळवळीत हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आरक्षणाच्या टक्क्यावर, अनुसूचित जातींच्या पळवलेल्या निधीवर आम्ही तावातावाने बोलतो. वाहतुकीचा आराखडा आला की मात्र तो इंजिनिअर लोकांचा विषय म्हणून सोडून देतो. ही आमची चूक आहे.

आधी हे गणित समजून घेऊ. शहरातली काही हजार कुटुंबे निवडतात. घरात माणसे किती, कमावती किती, उत्पन्न किती, दुचाकी किंवा कार आहे का, आणि काल कोण कुठून कुठे, किती वाजता, कशाने गेले, हे विचारतात. त्यावरून चार गोष्टी काढतात : घरातून किती फेऱ्या निघतात, त्या कुठे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या रस्त्यावर किंवा मार्गावर त्यांचा भार पडतो. मग पुढच्या वीस-तीस वर्षांची लोकसंख्या, उत्पन्न आणि वाहने गृहीत धरून हेच गणित पुढे ताणतात. जिथे भार जास्त दिसेल तिथे पैसा जातो. ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेत, डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून घडली. त्याच डेट्रॉइटमध्ये पुढे ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवून तिथून महामार्ग काढला गेला. गणित निष्पाप असते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

या गणिताचा पहिला दोष म्हणजे ते झालेल्या प्रवासालाच मागणी म्हणते. मुंबईत रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांसाठी हजारो कुटुंबे उठवून मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत टाकली गेली. समजा, तिथली एखादी ताई पूर्वी चालत जाऊन चार घरची धुणीभांडी करायची. आता तेच काम दोन बस दूर गेले. भाडे आणि वेळ परवडेना म्हणून तिने काम सोडले. सर्वेक्षणवाला दारात येतो आणि विचारतो, काल कुठे गेला होतात? ताई म्हणते, कुठेच नाही. फॉर्मवर शून्य फेऱ्या लिहिल्या जातात. तिच्यावर झालेला अन्याय कागदावर "मागणी नाही" असा उतरतो आणि पुढच्या आराखड्यात तिच्या वस्तीला बस मिळत नाही. व्यवस्थेनेच दाबलेली ही मागणी, पण तिच्यासाठी फॉर्मवर रकानाच नसतो.

दुसरी गोष्ट पायी चालण्याची. मुंबईवर 2005 साली जागतिक बँकेचा एक अभ्यास आला. त्यानुसार शहरातले 44 टक्के लोक कामावर पायी जात होते आणि गरिबांमध्ये हे प्रमाण 63 टक्के होते. पायी जाणारा माणूस "चालणे पसंत करतो" असे गणित धरून चालते. खिशात भाडे नाही म्हणून चालणे ही निवड कशी? मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. ज्याला ते झेपणार नाही तो चालत जाईल. उद्याच्या सर्वेक्षणात बसचे प्रवासी घटलेले दिसतील आणि घटलेली मागणी दाखवून बस आणखी कमी करता येतील. आधी पाय तोडायचे आणि मग म्हणायचे, याला चप्पल नको.

तिसरी गोष्ट मापाची. रस्त्यावरची वाहतूक मोजण्याचे एकक आहे कार. दुचाकी, रिक्षा, ट्रक, सगळे कारच्या हिशेबात बदलतात. पन्नास माणसे नेणारी बससुद्धा दोन-तीन कारइतकीच जागा अडवणारी म्हणून मोजली जाते. पायी माणूस तर या एककात बसतच नाही. शिवाय प्रकल्पाचा फायदा काढताना वाचलेल्या वेळेची किंमत बहुधा उत्पन्नावरून ठरवतात. म्हणजे साहेबाचा एक तास महाग आणि पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगाराचा तास स्वस्त! साहेबाची दहा मिनिटे वाचवणारा पूल "फायदेशीर" ठरतो, कामगाराचा तास वाचवणारी बस "तोट्यात" जाते. श्रेणीबद्ध विषमता आता मिनिटांतही आली आहे.

याचे फळ डोळ्यांसमोर आहे. 2024 मध्ये मुंबईचा सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू सुरू झाले. हजारो कोटींचा सार्वजनिक पैसा लागला आणि दोन्हीकडे दुचाकीलाही बंदी आहे. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, कारण या देशात रस्तासुद्धा जात पाहून खुला होत असे. आज पाटी जातीची नाही, वाहनाची आहे. पण कार कुणाच्या दारात आहे आणि कुणाच्या नाही, हे जातीला विचारल्याशिवाय कळते का?

काही मित्र म्हणतील, सगळीकडे जात कशाला आणता? उत्तर सोपे आहे. उत्पन्न, घराची जागा, कामाचा प्रकार आणि वाहन या चार आकड्यांवर हे गणित उभे आहे. या चारही गोष्टी जातीने घडवल्या आहेत. गणितात जात आधीच आहे, फक्त फॉर्मवर लिहिलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कुटुंब सर्वेक्षणात सामाजिक प्रवर्गाची नोंद घ्या. "पैशाअभावी किंवा बसअभावी कोणता प्रवास केला नाही?" हा प्रश्न विचारा. झोपडपट्ट्या आणि पुनर्वसन वसाहतींतून पुरेशी कुटुंबे निवडा. प्रत्येकाच्या वेळेची किंमत एकच धरा. आणि नावे वगळून सगळी आकडेवारी मराठीत जाहीर करा. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहने नव्हे, माणसे केंद्रस्थानी ठेवायचे मान्य केलेच आहे. आम्ही वेगळे काही मागत नाही.

पण मागणी करून थांबायचे नाही. 1919 साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली ती लोकसंख्येचे आकडे हातात घेऊन. आकड्याला आकड्याने उत्तर द्यायची ती परंपरा आपली आहे. येत्या रविवारी बुद्धविहारात बसा, एक पानी फॉर्म तयार करा आणि आपल्या वस्तीतली शंभर घरे फिरा. कोण कुठे गेले ते लिहा, आणि कोण कुठे जाऊ शकले नाही तेही लिहा. कोणती नोकरी सुटली, कोणते कॉलेज दूर पडले, कोणते हॉस्पिटल राहून गेले. मग आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा आपल्या हातात निवेदनाबरोबर पुरावाही असेल.

जय भीम!