बोलावयास शिकवा आणि तोंड बांधा!

महाविद्यालयांत नभोवाणीचे शिक्षण द्यावे, विद्यार्थ्याने संहिता लिहावी, निवेदन करावे. पण गावची बातमी तेवढी सांगू नये, हा कोणता न्याय? शिक्षणसंस्थांना स्वतःची केंद्रे काढण्याची मुभा केंद्र सरकारने २००२ च्या अखेरीस दिली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले; पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण परवान्याची अट पाहा : स्वतःची बातमी वर्ज्य! आकाशवाणीचेच बातमीपत्र, मूळ रूपात किंवा फार तर अनुवाद करून, ऐकवावे. पाणीपुरवठ्याची सूचना द्यावी, तीही स्थानिक प्रशासन पुरवील तेवढीच. नळाला पाणी का आले नाही असे विचारू लागताच ती बातमी ठरते!

आणि या केंद्रांची शक्ती ती केवढी? साधारणतः १०० वॅट; आवाज पाच-दहा किलोमीटरांपलीकडे क्वचितच जातो. एवढ्याने राज्य डळमळते काय? इकडे खासगी दूरचित्रवाणी वाहिन्या देशभर अहोरात्र गदारोळ करण्यास मोकळ्या आहेत! प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्या जनतेत विद्यार्थी येत नाहीत काय?

वर्गात बातमीपत्र लिहून गुण मिळवावयाचे आणि कागद कपाटात ठेवावयाचा, याला आम्ही शिक्षण म्हणत नाही. निदान शिक्षणसंस्थांच्या केंद्रांपुरती तरी ही अट सरकारने रद्द करावी. कोणी खोटे बोललाच, तर अब्रुनुकसानीचा कायदा विद्यार्थ्यालाही लागू आहे.