हरलो, पण एसटी गाठली!

सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी काय चर्चा असते, ते मला माहितीये. आर्सेनल, मुंबई इंडियन्स, नाहीतर फॉर्म्युला वन. मी पडले फ्रीलान्सर, त्यामुळे माझं कॉफी मशीन म्हणजे कोपऱ्यावरची चहाची टपरी. तिथं परवा एकानं विचारलंच, ‘‘तुझी टीम कुठली गं?’’ मी खरं उत्तर दिलं. तो आधी हसला, मग गप्प झाला आणि शेवटी म्हणाला, ‘‘तुला दुसरं काम नाही का?’’

माझी टीम म्हणजे आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम. (कॉलेजचं नाव विचारू नका. तिथल्या स्टाफरूममध्ये हा अंक येतो!) यंदाच्या सीझनला पाच मॅच खेळल्या, चार हरल्या. जी जिंकली, तिच्यात समोरच्या टीमची गाडी उशिरा आली होती.

तर मंडळी, आज आपण रोगाचं निदान करणार आहोत. गेली तीन वर्षं मी कोर्टाच्या कडेला सिमेंटच्या पायरीवर बसून वहीत टिपणं काढतेय. तेवढा हक्क मला नक्कीच आहे.

आधी वस्तुस्थिती. हे कोल्हापूर आहे. इथं पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. दिलबहार आणि प्रॅक्टिस क्लबच्या नावानं पेठेतली पोरं एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत. कुस्तीचं तर विचारूच नका, खासबाग आपल्याच गावात आहे. अशा खेळवेड्या गावात आमच्या पोरींची मॅच बघायला परवा किती जण होते? मी मोजले. अकरा. त्यातले दोघं व्हॉलीबॉलचं नेट बांधायला थांबले होते आणि एक मी.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या मुलींनी खेळात नाव काढलंय की! काढलंय ना. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीचं जागतिक विजेतेपद घेतलं. राही सरनोबतनं 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये गोल्ड मारलं. पण नीट बघा, रायफल आणि पिस्तूल हे एकटीचे खेळ आहेत. एका घरानं ‘हो’ म्हटलं की निदान सुरुवात तरी होते. बास्केटबॉलला बारा घरांनी ‘हो’ म्हणावं लागतं, तेही एकाच वर्षी आणि एकाच संध्याकाळी. आमच्याकडे यंदा सातच घरांनी म्हटलं.

आता टेक्निकल भागाकडे वळू. घाबरू नका, सोपं आहे.

पहिलं निदान : बॉल. बायकांचा बास्केटबॉल सहा नंबरचा असतो आणि पुरुषांचा सात नंबरचा. सातचा घेर दोन-तीन सेंटिमीटरनं जास्त आणि वजनही साठ-सत्तर ग्रॅमनं जास्त. आमच्या पोरी वर्षभर प्रॅक्टिस करतात सात नंबरवर, कारण जिमखान्याच्या कपाटात तोच आहे. मुलांनी वापरून गुळगुळीत केलेला! मॅचला मात्र नवाकोरा सहा नंबर हातात येतो. वर्षभर मोठ्या पातेल्यात अंदाजानं मीठ टाकायचं आणि पाहुणे आले की लहान पातेलं घ्यायचं, असा प्रकार. शॉट रिंगच्या पुढं जातो, बोर्डावर ठाणकन आपटतो. प्रेक्षक म्हणतात, ‘‘नेमच नाही पोरींना!’’ नेम आहे हो. तो दुसऱ्या बॉलचा आहे.

दुसरं निदान : फ्री थ्रो. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, तुम्ही बोर्डापासून 4.6 मीटरवर उभे, समोर कुणीही नाही आणि पाच सेकंद तुमची स्वतःची. खेळातला सगळ्यात शांत शॉट हाच. परवाच्या मॅचमध्ये आम्हाला 19 फ्री थ्रो मिळाले, त्यातले 6 गेले. मॅच कितीनं हरलो? पाचनं. गणित तुम्हीच करा.

फ्री थ्रोचं महत्त्व पटत नसेल तर 2017 चं बंगळुरू आठवा. महिलांच्या आशिया कपच्या ‘ब’ गटाची फायनल होती आणि भारतानं कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. फरक दोन पॉइंटचा, म्हणजे दोन फ्री थ्रोंचा! त्या टीममध्ये आपली पुण्याची शिरीन लिमये होती, जी पुढं भारताची कॅप्टन झाली. त्या विजयावर आपण वरच्या गटात गेलो आणि 2019 मध्ये, त्याच बंगळुरूत, आठ देशांत आठवे आलो. 2021 मध्ये अम्मानला पुन्हा आठवे, आणि परत खालच्या गटात. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला मात्र पोरींनी क्वार्टर फायनल गाठली. सांगायचा मुद्दा, देशाची टीमही अशीच चढते-पडते. आमच्या टीमनं चढण्याचा भाग अजून सुरू केलेला नाही, एवढंच.

तिसरं निदान सगळ्यात मोठं आहे. मला ते कळायला तीन वर्षं लागली.

आमची टीम पहिल्या हाफमध्ये चांगली खेळते. खोटं वाटतं? वही दाखवते. पाचपैकी तीन मॅचमध्ये हाफ टाइमला आम्ही पुढं होतो किंवा बरोबरीत. तिसऱ्या क्वार्टरला गाडी घसरते आणि चौथ्याला दरीत जाते. मला वाटायचं, पोरींना प्रेशर घेता येत नाही. तसं मी चारचौघांत बोललेही. मग एकदा प्रॅक्टिस बघायला गेले.

प्रॅक्टिस संध्याकाळी साडेपाचला. सातपैकी चार पोरी गावाकडच्या. कुणी राधानगरीच्या बाजूची, कुणी पन्हाळ्याकडची. त्यांची एसटी सव्वासहा आणि साडेसहाची. ती चुकली तर पुढची कधी आणि घरी काय उत्तर द्यायचं, हे दोन्ही प्रश्न. म्हणजे स्टँडवर पोचायचा वेळ वजा केला तर त्या कोर्टवर असतात जेमतेम वीस मिनिटं. वॉर्मअप संपतो, पासिंग सुरू होतं आणि चौघी बॅगा उचलतात. उरलेल्या तिघी मग रिंगखाली गप्पा मारत शॉट मारतात.

आता मॅच असते दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे चाळीस मिनिटांची. ज्यांनी कधी वीस मिनिटांच्या वर एकत्र पळून बघितलेलं नाही, त्या एकविसाव्या मिनिटाला काय करणार? पाय थकतात. आणि बास्केटबॉलमध्ये पाय थकले की हात पुढं येतात. समोरचीच्या आडवं जायला जमत नाही, म्हणून मनगटावर फटका बसतो. फाऊल! एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. आणि एकीचे पाच झाले की ती बाहेर. तिसऱ्या क्वार्टरनंतर आम्ही घाबरत नाही हो, दमतो. त्यात बेंचवर बसलेल्या फक्त दोघी!

परवा तेच झालं. तिसऱ्या क्वार्टरला एकीचा पाय मुरगळला. चौथ्यात सहा नंबर पाच फाऊलवर बाहेर आणि पाठोपाठ अकरा नंबर. (आमच्या जर्सी जुन्या काळातल्या, 4 ते 15 नंबरच्या. तेव्हा नियमच तसा होता. रेफरी एक-दोन-तीन ही बोटं पॉइंटसाठी दाखवतो, त्यात गोंधळ नको म्हणून.) शेवटची तीन मिनिटं आमच्या चौघी विरुद्ध त्यांच्या पाच. दोन पॉइंटनं मागं होतो. रेफरीनं टेबलाकडे बघितलं, मग आमच्या मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, ‘‘खेळतील त्या.’’

नियम सांगतो, मॅच सुरू करायला पाच लागतात, पण चालू ठेवायला दोन पुरतात. हा नियम मला कसा पाठ आहे, ते आता सांगते. तीन वर्षं ह्या कॉलममध्ये कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर लिहिलं, हे लिहिलं नाही.

मी टी.वाय.ला असताना ह्याच टीममध्ये होते. नऊ नंबर. खेळायला बरी, पळायला आळशी. झोनलची शेवटची मॅच होती. आम्ही त्याआधीच बाहेर पडलेलो, त्यामुळे मॅचला काही अर्थ नव्हता. सहा जणींचीच टीम जाणार होती. मी मॅडमना फोन करून ताप आलाय म्हणून सांगितलं आणि मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला गेले. डोक्यात एकच, हरणारच आहोत तर मी असले काय नि नसले काय!

त्या दिवशी पाच जणींनी मॅच सुरू केली आणि तिघींनी संपवली. चार पॉइंटनं हरल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला कुणी काही बोललं नाही. एकीनं उलट विचारलं, ‘‘ताप उतरला काय?’’ मी ‘हो’ म्हटलं.

सो, मी फॅन का आहे, तर ह्यामुळं. निष्ठा वगैरे मोठे शब्द नकोत. आठ वर्षं जुनी उधारी आहे.

परवा मॅच संपल्यावर आत्ताची नऊ नंबर माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. घाम डोळ्यांत जात होता. म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही दर मॅचला येता. आम्हाला हरताना बघायला काय मजा येती वो?’’

काय झालं कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगून टाकलं. ताप, रंकाळा, भेळ, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. सँडल घातले, बूट पिशवीत टाकले. मग म्हणाली, ‘‘मग यायचं की त्या दिवशी.’’

बस्स, एवढंच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर तिनं घड्याळ बघितलं. ‘‘साडेसहाची एसटी हाय. मी जातो, ताई.’’ (बाहेरच्या वाचकांसाठी : कोल्हापूरच्या पोरी ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘जातो’च म्हणतात.) आणि चाळीस मिनिटं खेळलेली ती पोरगी गेटकडे पळत सुटली. टीममधल्या बाकीच्या तिघी तिच्या मागं. मुरगळलेल्या पायाचीला दोघींनी धरलं होतं.

त्यांना पळताना बघून एक साधी गोष्ट डोक्यात आली. ह्या चौघी सकाळी कितीच्या गाडीनं येतात? दुसऱ्या दिवशी विचारलं. पहिल्या गाडीनं! सव्वासातला कॉलेजात असतात, कारण पुढची गाडी लेक्चर सुरू झाल्यावर पोचते. लेक्चर नऊला. मधले पावणेदोन तास लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून काढतात. म्हणजे बघा, सातही जणी एकत्र येऊ शकतील अशी वेळ रोज सकाळी कॉलेजच्या आवारातच असते आणि आपण प्रॅक्टिस ठेवतो संध्याकाळी. का? ‘पहिल्यापासून तशीच आहे.’

जिमखान्याच्या सरांना भेटले. ते म्हणाले, ‘‘कल्पना चांगली आहे, बघू.’’ आणि मग जरा वेळानं, ‘‘खरं सांगू का, पुढच्या वर्षी आठ नावं आली नाहीत तर मुलींची टीम पाठवायचीच नाही असं चाललंय.’’ आठ नावं! सातातल्या दोघी यंदा टी.वाय.ला, त्या जाणार. म्हणजे नव्या तीन शोधायच्या आणि त्यांच्या घरी सांगायचं, की रोज सकाळी धावून पोरगी बिघडत नाही. सांगायला एक मुद्दा आहे माझ्याकडे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि नॅशनलला वर्षानुवर्षं जिची चलती असते ती रेल्वेची टीम म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलींचीच टीम आहे. सगळ्यांना तिथंवर जाता येणार नाही, ते मलाही कळतं. पण हा मुद्दा घरच्या ओट्यावर बसून सांगायला बरा पडतो.

पोरींनी मात्र ‘बघू’ची वाट बघितली नाही. नऊ नंबरनं परवा मेसेज केला, ‘सोमवारपासून साडेसातला. मॅडम येतो म्हणल्यात.’ खाली आणखी एक ओळ. ‘तुम्ही पण या. ताप नसला तर.’

नाद करायचा नाही हं ह्या पोरींचा!

मी स्पोर्ट्सच्या दुकानात जाऊन सहा नंबरचा बॉल घेतला. ह्या कॉलमच्या मानधनातून, त्यामुळे तुमचाही त्यात वाटा आहे. सोमवारी फ्री थ्रोपासून सुरुवात करायचीय, प्रत्येकीनं रोज पन्नास. पुढच्या वर्षी आम्ही जिंकू का? वहीतले आकडे बघता एवढंच सांगते, की चौथ्या क्वार्टरला उभ्या तरी राहू.

तुमच्यापैकी कुणाला ऑफिसला जाण्याआधी तासभर मोकळा असेल तर या. रिबाऊंड गोळा करून परत टाकायला माणसं कमी पडतात. बसायला सिमेंटची पायरी आहे, सकाळी जरा गार लागते.