आलेला पैसा आणि राहिलेला पैसा



दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात पहिल्या वेच्याचा कापूस घरात येतो आणि हिशेबाला सुरुवात होते. यंदाच्या अंकात आम्ही सरकारी पैशाचा हिशेब मांडला आहे. किती कोटी मंजूर झाले हे सर्वांना कळते; त्यातले जिल्ह्यात किती फिरले, हे कुणीच विचारत नाही.

सरकारने खर्चलेला रुपया हातोहात फिरून उत्पन्न वाढवतो, हे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1936 च्या ग्रंथात मांडले. बाहेरच्या मालावर अवलंबून असलेल्या अर्थव्यवस्थेत तो लवकर निसटतो, हेही त्यांनी नोंदवले. छोट्या देशांचे हे दुखणे जिल्ह्याला अधिकच जाचते. इथे ना स्वतःचे चलन, ना जकातीची सीमा.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. वर्धा त्यात होता. थकीत व्याजमाफीचे 712 कोटी बँकांच्या खात्यांत वळते झाले. शेतकऱ्याचा भार हलका झाला, नव्या कर्जाची वाट मोकळी झाली. पण त्या कर्जातून घेतलेले बियाणे, खत, फवारणीचे औषध बहुतांशी बाहेरचेच. हिंगणघाटच्या बाजारातला बराचसा कापूसही गाठी होऊन दूरच्या गिरण्यांकडे जातो. त्याच्या सूत, कापड आणि शिलाईची कमाई तिकडेच होते.

याच जिल्ह्यात 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांचे घर परिसरातल्या साहित्यातून, स्थानिक कारागिरांच्या हातून उभे राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांचे सहकारी कुमारप्पा ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र रचत होते. गावाच्या गरजेवरचा पैसा आधी गावच्या हातांना मिळावा, हा कुमारप्पांचा आग्रह आजही खरा आहे.

रोजगार हमी योजनेने किमान 60 टक्के खर्च मजुरीवर करण्याचे बंधन घातले, तेव्हा हाच विचार नियमात उतरला. मजुरी गावच्या दुकानात खर्च होते आणि बांधबंदिस्तीने अडलेले पाणी शेतातच मुरते. आर्वी तालुक्यातल्या काकडदरा गावाने जलसंधारण स्पर्धेतला 2017 चा वॉटर कप जिंकून अशा कामाची ताकद दाखवली.

दारे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आपला कापूस बाहेर विकला गेलाच पाहिजे. मागणी एवढीच, की प्रत्येक योजनेच्या अहवालात आणखी एक रकाना असावा: जिल्ह्यातल्या मजुरीवर, मालावर किती खर्च झाला आणि मागे काय टिकले. ग्रामसभेत हा प्रश्न विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

 

— संपादक