डोमेन नावाची भानगड

अकरावीच्या गणितात 'डोमेन काढा' हे जे दोन मार्कांचं प्रकरण असतं ना, ते फार वाईट शिकवलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. (मराठी माध्यमवाले त्याला प्रांत म्हणतात. मला हा शब्द जास्त आवडतो. फलाचा मुलूख कुठून कुठपर्यंत, ते लगेच कळतं.)

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे आमची भाची. गणित सोडून नुसतं बायो घ्यायचं म्हणतेय. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये एक चौकट आहे: छेदात मूळ दिसलं की आतली राशी शून्यापेक्षा मोठी. पाठ करा, पुढे चला!

१/√(क्ष − ३) ला हे चालतं. क्ष ३ पेक्षा मोठा, संपलं. पण मग येतं १/(√क्ष − २). चौकटीप्रमाणे उत्तर क्ष > ०. आता जरा शून्य घालून बघा. उत्तर येतं −१/२. चांगलं सरळ उत्तर आहे, मग शून्याला बाहेर का काढलं? आणि ४ घाला. √४ म्हणजे २, छेद शून्य, सगळं कोसळलं. म्हणजे ज्याला आत घ्यायचं तो बाहेर आणि ज्याला हाकलायचं तो आत बसलाय! घनमूळ असेल तर आणखी मजा. −८ चं घनमूळ खुशाल −२ आहे, त्याला ऋण संख्येचं वावडंच नाही. त्यामुळे १/∛(क्ष − ३) मध्ये फक्त ३ वगळायचा.

खरं तर विचारायचे प्रश्न दोनच. वर्गमूळाच्या आतलं ऋण होतंय का? आणि अख्खा छेद शून्य होतोय का? मूळ हाच सगळा छेद असेल तर दोन्ही मिळून 'शून्यापेक्षा मोठं' होतं. मुळाशेजारी 'वजा २' सारखं कोणी येऊन बसलं की दोन्ही वेगवेगळे सोडवायचे. बास.

"पण मामा, याचा उपयोग काय?" हे ठरलेलंच. तर १९०५ साली आइनस्टाइनने मांडलेल्या विशेष सापेक्षतेत १/√(१ − व²/प्र²) असा गुणक येतो. व म्हणजे वस्तूचा वेग, प्र म्हणजे प्रकाशाचा, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. याचं डोमेन काढा बरं! वेग प्रकाशापेक्षा कमीच हवा. जसजसं त्या कडेजवळ जावं तसतसा छेद शून्याकडे जातो आणि लागणारी ऊर्जा बेसुमार वाढते. जिनिव्हाजवळच्या त्या प्रचंड यंत्रात प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांच्याही पुढे नेतात, पण १०० काही होत नाहीत. दोन मार्कांचं प्रकरण म्हणे!

असो. बायो आवडत असेल तर जरूर घ्यावं, पण त्या चौकटीला कंटाळून नको. रविवारी येणार आहे ती घरी. तिच्यासाठी १/√(क्ष² − ९) काढून ठेवलंय. त्यात −३ च्या खाली एक अख्खा मुलूख आहे, आणि पोरं ३ च्या वरचा सांगून मोकळी होतात.