एक ठिपका

देवरीकडच्या एका विद्यार्थ्याची हजेरी सारखी गळू लागली, तेव्हा भर वर्गात मी त्याला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. पोराला सिकलसेल, सांधे असे दुखतात की उठवत नाही. माझी मान खाली गेली.

"सहा महिन्यांचा होईस्तोवर लेकरू चांगलं होतं जी. मग काय झालं?"

मी पडलो मराठीचा मास्तर! जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, गर्भात हिमोग्लोबिनसाठी निराळे जनुक चालते, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर ते हळूहळू मिटते. मिटवणाऱ्या गोष्टींपैकी एक मिथिल: एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा पुंजका. डी.एन.ए.च्या चार अक्षरांपैकी सायटोसिनवर तो बसतो. अक्षर तेच, ग्वानिनशी जोडीही तीच. पण थर जरा घट्ट बसतात, पीळ उकलायला किंचित अधिक उष्णता लागते आणि पेशी तो मजकूर वाचीनाशी होते. मला १९६२ पूर्वीचे 'माझें' आठवले. उच्चारात नसलेला, तरी लिंग सांगणारा अनुस्वार!

१९८२ साली अमेरिकेत अझासायटिडिन देऊन बाबून माकडांत हे जनुक पुन्हा जागवले गेले. त्या औषधात मिथिल बसायच्या जागीच कार्बनऐवजी नायट्रोजन असतो. पण ते जहाल. आपल्याकडे देतात ते हायड्रॉक्सियुरिया. तेही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, वाट मात्र वेगळी.

आईला जमेल तसे सांगितले. गोळ्यांची पुडी पदरात बांधीत ती म्हणाली, "म्हणजे ते चांगलं त्याच्यात अजून हाये?"

"आहे," मी म्हणालो.