मलमापलीकडचा सोरायसिस

सोरायसिस हा कातडीचा रोग. त्याला मलम लावावे आणि लोकांच्या नजरा चुकवाव्यात, अशी आपल्याकडची रीत आहे. हा रोग संसर्गजन्य नाही, हे वारंवार सांगूनही रुग्णाशेजारी बसणारा मनुष्य अंग चोरतोच. परंतु रोग कातडीवर दिसतो म्हणून तो कातडीपुरताच आहे, ही समजूत त्याहून अधिक महाग पडणारी आहे.

शरीरातील मेद म्हणजे शिलकी अन्नाचे निश्चल कोठार, अशी कल्पना दीर्घकाळ रूढ होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले आणि हे कोठार वस्तुतः एक ग्रंथीही आहे, हे स्पष्ट झाले. मेदात तयार होणारे लेप्टिन मेंदूला शरीरातील साठ्याची खबर देते. त्याबरोबरच ते दाहाला चेतवते. अ‍ॅडिपोनेक्टिन हे मेदातीलच दुसरे संप्रेरक सामान्यतः दाह आवरते. मेद वाढला की पहिले वाढते, दुसरे घटते. सोरायसिसच्या अनेक रुग्णांत हाच असमतोल आढळला आहे. इतकेच नव्हे, तर टीएनएफ-अल्फा या ज्या द्रव्याला रोखण्यासाठी महागडी इंजेक्शने दिली जातात, तेही स्थूल शरीराच्या मेदात अधिक निर्माण होते. एका हाताने बांध घालावा आणि दुसरीकडे पाण्याचा ओघ तसाच राहावा, असा हा व्यवहार आहे.

मग वजन उतरवले की रोग जातो काय? तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. डेन्मार्कमध्ये ६० स्थूल रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिताहाराने वजन घटले, रुग्णांचे जगणे सुसह्य झाले; चट्टेही कमी होण्याकडे कल दिसला, परंतु तो निर्णायक नव्हता. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि सडपातळ माणसांनाही हा रोग होतो. म्हणून वजन घटविणे ही औषधाला जोड आहे, पर्याय नव्हे. आणि रुग्णाला दोष देण्याचे निमित्त तर मुळीच नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल आढळल्या. अशा देशात त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वजनकाटा, रक्तदाबमापक आणि रक्तशर्करेची तपासणी असणे ही चैन नव्हे. मलमाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रुग्णाचे वजन करावे. खर्च नगण्य, लाभ मोठा. शरीर एकसंध आहे. विभाग पाडले आहेत ते रुग्णालयांनी.