तंबोरा की शोभेचा भोपळा?

पनवेलच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला तंबोरा पाहिला, की यजमानांची रसिकता नव्हे, निर्दयता डोळ्यांत भरते! खाडीकाठची ही हवा. पावसाळ्यात लाकूड फुगते, भोपळ्याला बुरशी चढते आणि आश्विनाच्या उन्हात आकसताना सांधा उकलतो. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची ही संभावना?

‘हवाच वाईट’ म्हणणारे कपाटात डांबरगोळ्या ठेवायला बरे विसरत नाहीत! वाचकहो, ओलसर भिंत टाळा, गवसणी घाला, आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा; आर्द्रतामापकाचा काटा ६० टक्क्यांपुढे गेला की ती बदला. आजीचा तंबोरा नातीला तडकलेला मिळू नये. या दिवाळीत आकाशकंदील वर चढवा. तंबोरा मात्र खाली उतरवा, आणि छेडा!